सुक्या गटातल्या गायी

प्रबंध सादर करण्याच्या परवानगीवर सही करण्यासाठी मार्गदर्शक डॉ. रंगनाथ यांनी भारती पगारेला एकच अट घातली होती: फरक दिसला पाहिजे. चोवीस गायींपैकी बारा एका बाजूला, बारा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये संख्याशास्त्राला मान्य होईल असा फरक. तो एप्रिलअखेरपर्यंत दिसला नाही तर नोंदणी संपणार, शिष्यवृत्ती संपणार आणि तीन वर्षांचं काम कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाणार. सर हे सगळं अत्यंत सौम्य आवाजात बोलले. सौम्य आवाज ही त्यांची ख्याती होती. त्या आवाजात त्यांनी आजवर चार विद्यार्थ्यांना घरी पाठवलं होतं.

"पगारे, खेडं म्हणजे प्रयोगशाळा नव्हे," ते म्हणाले होते. "तिथली माणसं मोजमापात बसत नाहीत. बाकी, जनावरांशी तुमच्या लोकांची ओळख जुनीच आहे म्हणा."

भारतीने ते वाक्य तारखेसह वहीच्या समासात उतरवून घेतलं. तिच्या आजोबांनी बेलापुरातली मेलेली जनावरं ओढली होती आणि छप्पन्न साली ते काम एका दिवसात सोडलं होतं. सरांना अभिप्रेत असलेली ओळख ती हीच. जिवंत गायीच्या रक्तातली पांढरी पेशी पाहणारी त्या घराण्यातली भारती पहिली. सरांनी स्वतः गोठ्यात शेवटचं पाऊल केव्हा टाकलं होतं, हे मात्र पशुवैद्यकीय महाविद्यालयात कोणालाच आठवत नव्हतं.

प्रयोगासाठी तिने बेलापूरजवळची कालव्याकाठची एक वस्ती निवडली. घरटी दोन-तीन संकरित गायी, बांधापलीकडे ऊस, आणि पाटाच्या पाण्यावर वाढणारा घास. या भागात घास म्हटलं की लसूणघासच समजायचा. तोंडात घालायच्या घासाला लोक 'तुकडा' म्हणतात. वस्तीची रीत अशी होती की गाय विण्याच्या दोन महिने आधी तिचं दूध काढणं थांबवायचं, म्हणजे तिला आटवायची, आणि आटवली की तिचा हिरवा चारा बंद करायचा. हिरवं खाणार ती दूध देणारी. न देणारीने कडबा आणि भुसकट खावं. हिशेब सरळ होता. मग गाय व्यायची आणि कित्येकींची कास आठवड्याच्या आत सुजून दगडासारखी टणक व्हायची. या दुखण्याला लोक दगडीच म्हणत. ते नशिबाने येतं असं वस्तीचं मत होतं, आणि जंतूंनी येतं असं डॉक्टरांचं. दोन्ही मतांत चाऱ्याला जागा नव्हती.

दूध संस्थेच्या आवारात भारतीने बैठक घेतली. संस्थेचे सचिव काकासाहेब यांनी टेबलावर स्वतःचा टॉवेल अंथरून तिला बसवलं. पुढे गायींचे मालक, मागे भिंतीला टेकून बायका.

"कासेत जंतू शिरला," भारती म्हणाली, "की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. जंतूला गिळतात आणि त्याला मारायला आपल्या पोटात एक आग पेटवतात. या आगीची दोन कामं. एक म्हणजे जंतू जाळणं. दुसरं, निरोप पाठवणं, की इथे लढाई आहे, आणखी पेशी पाठवा. पेशीजवळ ही आग आवरणारी द्रव्यं असली तर काम झालं की आग बसते आणि निरोपही थांबतो. नसली तर पेशी स्वतःच्याच आगीत जळते, निरोप चालूच राहतो, नव्या पेशी येतच राहतात, त्याही जळतात. जंतू मेला तरी सूज वाढत जाते. आवरणारं एक मोठं द्रव्य हिरव्या घासात असतं. कडबा उन्हात वाळतो तेव्हा ते बहुतेक उडून जातं. आपण गाय आटवतो आणि नेमके त्या दोन महिन्यांत तिच्या पेशींना उपाशी ठेवतो, असा माझा अंदाज आहे."

पुढच्या रांगेतल्या पुरुषांनी माना डोलावल्या. अशा वेळी डोलावलेल्या मानेचा अर्थ सरकारी खात्यांना गेली तीस वर्षं लावता आलेला नाही. मागून एक आवाज आला.

"म्हंजी पाचट पेटवल्यावानी."

आवाज लंकाबाईचा होता. पन्नाशीची, काटकुळी, वस्तीवरच्या यच्चयावत गोठ्यांना घास कापून पोचवणारी. कमरेचा विळा बैठकीतही कमरेलाच.

"कसं, मावशी?" भारतीने विचारलं.

"उसाचं पाचट पेटवायच्या आधी बांधाकडंची पट्टी वली करून घेत्यात. पट्टी वली असली, की आग पाचट खाती आन् गप बसती. न्हाई केली, तर धूर वर जातो. धूर दिसला की आजूबाजूचं समदं पळत येतं, आन् इझवता इझवता उभा ऊस तुडवून जातं. आगीनं जात न्हाई तेवढा ऊस पायानं जातो."

"मागल्या साली तुज्याच धुरानं माजा गेला की!" सूर्यभान हवालदार पुढून ओरडला.

"मंग तू कशापायी आल्तास पळत? तुला कुनी तार केल्ती?"

आवार हसलं. दाह या विषयावर भारतीने आजवर दोनशे सत्तर निबंध वाचले होते, आणि वणवा व धूर या दोन्ही गोष्टी एकाच पेशीच्या असतात हे त्यांतल्या एकातही इतक्या स्वच्छपणे मांडलेलं नव्हतं. तिने ते वहीत घेतलं, यावेळी समासात नव्हे.

मग चिठ्ठ्या टाकून गट पाडले. पौषात विणाऱ्या चोवीस गायी. बारा हिरव्या गटात: आटवल्यापासून रोज तीन पेंढ्या घास, लंकाबाईने पोचवायचा. बारा सुक्या गटात: वस्तीच्या रीतीप्रमाणे कडबा आणि भुसकट, त्यात काडीचा बदल नाही. सुक्या गटाच्या बाराही मालकांनी उभं राहून शब्द दिला. सूर्यभान हवालदाराने तर टाच जुळवून दिला. अठरा वर्षं फौजेत काढून तो दोन वर्षांपूर्वी परतला होता आणि आज्ञा मिळत नसल्यामुळे तेव्हापासून कासावीस होता.

प्रयोगाची तारीख भारतीने महाविद्यालयाच्या पत्रकावरून ठरवली. पत्रकात सुट्ट्या होत्या, सण नव्हते. चौथ्याच दिवशी वसुबारस होती. भारतीच्या घरी हा सण नव्हता. धर्मांतरापूर्वीही नव्हता, कारण गाय नव्हती.

पुढचे दोन महिने ती आठवड्यातून दोनदा बेलापूरला येत राहिली. काकासाहेबांनी संस्थेची मागची खोली रिकामी करून दिली. तिथे तिने सूक्ष्मदर्शक मांडला आणि कोमट पाण्याचं भांडं ठेवलं. वीज असली तर रक्ताच्या नळ्या विजेच्या यंत्रात फिरत. नसली, आणि ती बहुधा नसे, तर दुधाची फॅट काढायच्या हातयंत्रात. नळ्या सैल बसत म्हणून ती भोवती कागद गुंडाळी. काकासाहेब स्वतः चाक फिरवत आणि दर खेपेला विचारत:

"मॅडम, रगताची फॅट किती लागती वो?"

"काकासाहेब, रक्तालाही फॅटवर भाव मिळाला तर लोक गायीऐवजी डास पाळतील."

काम किचकट पण अवघड नव्हतं. पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना मारलेले जंतू खायला द्यायचे, चार तास ऊबेत ठेवायचं, मग निळा रंग टाकायचा. जिवंत पेशी रंगाला दाराबाहेर उभं करते. मेलेली त्याला आत घेते आणि निळी होते. शंभर पेशी मोजायच्या आणि किती पांढऱ्या उरल्या ते लिहायचं. आपल्याच आगीत कोण जळलं आणि कोणी आग आवरली, त्याची ही शिरगणती.

नोंदी पुऱ्या झाल्या तेव्हा भारतीने दोन्ही गटांच्या सरासरी काढल्या. हिरव्या गटात शंभरातल्या सरासरी शहात्तर पेशी तगल्या होत्या. सुक्या गटात एकाहत्तर. फरक पाचाचा. तोही सरळ नव्हे, कारण सुक्या गटाचे आकडे एका ठिकाणी उभे राहायला तयार नव्हते: एक एकोणऐंशी, एक अठ्ठावन्न, बाकीचे मध्ये कुठेही, आणि अगदी तळाशी एकटा, चव्वेचाळीस. संख्याशास्त्राने हा फरक मान्य केला नाही.

डॉ. रंगनाथ यांनी तक्ता डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"हा चव्वेचाळीसचा आकडा काढून टाका. हाताची चूक असणार. तो काढला की दोन्ही गट जवळजवळ सारखे होतात. मग निष्कर्ष सोपा आहे: आटवलेल्या गायीच्या चाऱ्याचा या पेशींशी संबंध नाही. तसं लिहा, विषय बदला. जागा मिळाली तर पुढच्या वर्षी नव्याने नोंदणी करू."

"आणि आकडा खरा असला तर, सर?"

"बारांत एक खरा आणि अकरा खोटे? पगारे, विज्ञान लोकशाहीवर चालतं."

हा लोकशाहीचा अर्थ तिला नवीन होता. ती दुसऱ्या सकाळी बेलापूरला गेली आणि त्या गायीचं रक्त पुन्हा घेतलं. त्रेचाळीस. पुन्हा मोजलं. पंचेचाळीस. पेशींना गटाची, मतदानाची किंवा मार्गदर्शकांची कल्पना नव्हती. त्या जशा होत्या तशा मरत होत्या. गाय सूर्यभान हवालदाराची होती. नाव राणी.

तीन दिवसांनी राणी व्याली आणि पाचव्या दिवशी तिच्या कासेची मागची उजवी बाजू तापून टणक झाली. चोवीस गायींत दगडी झालेली ती एकटी. भारती धावत गेली. तिने सडातून पाण्यासारखं दूध पुन्हा पुन्हा काढून टाकलं, औषध सोडलं, आणि शेक द्यायला हवालदाराची बायको राहीबाई हिला बसवलं. हवालदार गव्हाणीपाशी उभा होता, कोर्टमार्शल झाल्यासारखा.

"काका, आटवल्यापासून राणीला काय काय घातलंत? खरं सांगा."

"कडबा आन् भुस्काट. तुमी सांगितलं तेवढंच. आर्डर म्हंजी आर्डर, मॅडम. यक काडी हिरवी तिच्या तोंडाला लागू दिली न्हाई. रोज सांच्याला मी सोता गव्हान तपासायचो."

राहीबाईने शेकाचं फडकं बादलीत आपटलं.

"व्हय, आर्डर! अख्ख्या वस्तीनं घास घातला, आन् आमच्या ह्यांनी यकट्यानं विज्ञान सांभाळलं! बिचारीची कास फुटायची येळ आली. अवो, समद्यांच्या गायी खात्यात, आपली का बगत बसंल, असं म्हनले, तर मलाच सावधान इश्राम!"

राहीबाईने ओल्या हाताने पदर तोंडाशी नेला, पण तोंडातलं केव्हाच बाहेर आलं होतं.

"अख्ख्या वस्तीने म्हणजे?" भारतीने विचारलं.

"मला नगा इच्यारू. लंकाला इच्यारा."

लंकाबाई घासाच्या वाफ्यात उकिडवी बसून कापत होती. भारती बांधावर उभी राहिली.

"मावशी, सुक्या गटातल्या गायींना घास कोणी घातला?"

"मी." विळा थांबलाही नाही. "उगं कशाला लांबड लावू? आकरा घरी मीच घातला. बाप्ये दुधाच्या किटल्या घिऊन संस्थेत गेले, की जाऊन गव्हानीत टाकून यायचे. ते परत येस्तवर गायीनं पुसून खाल्लेलं असायचं."

"पण त्यांनी शब्द दिला होता!"

"त्यांनी दिल्ता. बायकांनी कुटं दिल्ता? बायकांला कुनी इच्यारलंच न्हाई."

बैठकीत बायका मागे बसल्या होत्या आणि शब्द पुढच्या रांगेकडून घेतला गेला होता. तो घेणारी भारती स्वतः होती.

"आन् आसं बगा," लंकाबाई आता उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमी आधी सांगितलं, हिरवं घातलं की कास दगड हुत न्हाई. आमाला पटलं. लगीच म्हनाल्या, ह्या बारांनी घालू नका. आसं कुटं आसतंय का, बाई? खरं सांगायचं, आन् वर म्हनायचं, खऱ्यावानी वागू नका? तवा समद्या गप बसल्या. मंग आली वसुबारस. गायीला ववाळायचं, आन् यकीपुढं घास, दुसरीपुढं भुस्काट? सनाच्या दिवशी पंगतीत भेद? तितनं सुरू झालं. त्या दिवशी चव लागली, मंग दुसऱ्या दिवसापासनं गायी कडब्याकडं बगंनात."

पंगतीतला भेद या विषयावर भारतीला वस्तीकडून काही शिकायचं नव्हतं. गायींच्या बाबतीत तो चार दिवसांत मिटला, याची तिने मनाशी नोंद घेतली.

आणि मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग अनावर. ती बांधावर मटकन बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. दूध वाढावं म्हणून आटवलेल्या गायीला हिरवं घाला, असं सांगणारी पत्रकं, भित्तिचित्रं आणि जीपगाड्या या तालुक्यात वर्षानुवर्षं फिरल्या होत्या आणि एका गव्हाणीतही काडी बदलली नव्हती. तिने फक्त कारण सांगितलं होतं, तेही 'घालू नका' या विनंतीसह, आणि चौथ्या दिवशी अख्खी वस्ती सुधारली होती. तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवून या बायकांनी तिचा प्रयोग जमीनदोस्त केला होता. अविश्वास असता तर तिला पदवी मिळाली असती.

लंकाबाई घाबरली. "पोरी, काय झालं गं? पानी पितीस का?"

"मावशी," भारती डोळे पुसत म्हणाली, आणि पुसता पुसता थांबली. विखुरलेले आकडे तिच्या डोळ्यांपुढून गेले: एकोणऐंशी, अठ्ठावन्न, चव्वेचाळीस. "मावशी, अकरा घरी सारखाच घातलास?"

"सारका कसा आसंल? ज्याची त्याची ऐपत, आन् ज्याच्या त्याच्या नवऱ्याचं नाक. पाटलिनीच्या म्हशीगत गायीला तीन पेंढ्या. भामाबाईच्या कपिलीला अडीच. खालच्या अंगाच्या दोघींकडं दोन-दोन. त्या गिरनीवालीकडं अर्दीच, तिचा दादला दारातच बसून ऱ्हातो..."

भारतीने वही काढली. लंकाबाई वाफ्याच्या कडेला बसून अकरा गायींची नावं, अकरा गव्हाणी आणि पेंढ्यांचे आकडे असे सांगत गेली, जणू लेकींच्या सासरची नावं सांगते आहे. एकदाही अडली नाही. दोन महिने रोज तिने स्वतःच्या हाताने टाकलेला घास होता तो.

संस्थेच्या मागच्या खोलीपर्यंत भारती चालत गेली की पळत, हे काकासाहेबांना नंतर सांगता आलं नाही. तिने एका बाजूला पेंढ्या मांडल्या, दुसऱ्या बाजूला पेशी. तीन पेंढ्यांची गाय: एकोणऐंशी. अडीचची कपिली: सत्त्याहत्तर. दोनच्या दोघी: पंचाहत्तर आणि शहात्तर. दीडच्या, एकच्या, आणि गिरणीवालीच्या दारातल्या नवऱ्यामुळे अर्ध्या पेंढीवर राहिलेली गाय: अठ्ठावन्न. सर्वांत खाली सूर्यभान हवालदाराची राणी, पेंढ्या शून्य, पेशी चव्वेचाळीस. एकही ओळ मोडत नव्हती. तिने आखलेल्या प्रयोगात दोनच पायऱ्या होत्या, हिरवं आणि सुकं. बायकांनी चोरून केलेल्या प्रयोगात सहा-सात होत्या. माणसांनी दोन महिने जे लपवलं, ते पेशींनी पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली होती. ऐकून घेणारं कोणी नव्हतं इतकंच.

"काकासाहेब!" ती ओरडली. "रक्ताची फॅट लागली!"

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तिने असं लिहिलं: 'हा प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला नाही.' त्यापुढे काय झालं ते, लंकाबाईच्या नावासह, सरळ लिहिलं.

डॉ. रंगनाथ यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "पगारे, हे छापायचं नसतं. आणि हे एकक कुठलं, पेंढी? जगातल्या कोणत्या तक्त्यात 'एक पेंढी' आहे? एका निरक्षर बाईच्या हातावर आणि आठवणीवर मी सही करू?"

सही मिळणार नव्हती. पण सल्लागार समितीवर बाहेरच्या महाविद्यालयातल्या डॉ. माधुरी कोठारी होत्या, आणि त्यांना कागद वाचायची वाईट खोड होती. त्यांनी प्रबंध शेवटपर्यंत वाचला आणि सरांना दूरध्वनी केला: "शंका योग्य आहे. पेंढी मोजून पाहू. जीप पाठवा."

एप्रिलच्या चोवीस तारखेला जीप वस्तीवर आली तेव्हा दूध संस्थेच्या आवारात लग्नाला जमावी तेवढी माणसं जमली होती. काकासाहेबांनी दुधाचा वजनकाटा धुऊन पुसून ओट्यावर मांडला होता. सूर्यभान हवालदार इस्त्रीच्या कपड्यांत, मनगटावरचं घड्याळ वर करून उभा. त्याची राणी आता चारही सडांनी दूध देत होती आणि रोज तीन पेंढ्या खात होती. आज्ञा बदलली होती.

"बाई, पेंढी म्हणजे किती?" डॉ. रंगनाथ यांनी विचारलं.

"पेंढी म्हंजी पेंढी," लंकाबाई म्हणाली.

"बघा," सर माधुरीबाईंकडे वळून म्हणाले.

"बघूच," माधुरीबाई म्हणाल्या. "मावशी, दहा बांधा."

शेजारच्याच वाफ्यात लंकाबाई बसली. सपासप विळा चालला, मूठ, मूठ, आणखी मूठ, घासाच्याच चार काड्यांचा आळा आवळला, पेंढी बाजूला. काट्यावर पहिली चढली: सव्वादोन किलो. दुसरी: सव्वादोनला वीस ग्रॅम कमी. तिसरी, चौथी. काकासाहेब आकडा मोठ्याने पुकारत होते आणि गर्दी दर आकड्याला ओरडत होती. दहा संपल्या तेव्हा सर्वांत जड आणि सर्वांत हलकी यांच्यात साठ ग्रॅमचा फरक निघाला.

"आज जपून बांधते आहे ती," सर म्हणाले.

"सायेब, जपून बांधली तर येळ लागतो," लंकाबाई उठून पदर झटकत म्हणाली. "हवालदाराला इच्यारा, किती लागला."

"धा पेंढ्या, तेरा मिन्टं!" हवालदार गरजला.

"आणि अर्धी पेंढी?" सरांनी शेवटचा किल्ला लढवला. लंकाबाईने एक पेंढी सोडली, न पाहता दोन हातांत वाटली आणि दोन्ही हात काट्यापुढे धरले. दोन्हींत दहा ग्रॅमचंही अंतर निघालं नाही. राहीबाईने शिट्टी वाजवली. ही कला तिला येते हे हवालदाराला त्या दिवशी समजलं.

मग माधुरीबाईंनी अकरा बायकांना एकेक करून मागच्या खोलीत बोलावलं आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला. दहा जणींचं उत्तर लंकाबाईच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. अकराव्या भामाबाईने अडीचऐवजी तीन सांगितल्या. दोघींना समोरासमोर उभं केलं.

"तीनच हुत्या की गं, लंके!"

"तीन मी टाकायचे, म्हातारे. पन मी वळले की अर्दी तू वढून पलीकडं कालवडीला घालायचीस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

भामाबाईने पदर सावरला. "मंग? कालवड काय शेजाऱ्याची हाय?"

माधुरीबाई खोलीबाहेर आल्या. त्यांनी हसू आवरलेलं होतं, पण पुरतं नव्हे.

"रंगनाथराव, या बाईंच्या हाताची चूक शंभरात तीनाहूनही कमी आहे. आपल्या विभागातला तराजू शेवटचा केव्हा तपासला होता?"

सरांनी काट्यावरची एक काडी झटकली. आवाज सौम्यच होता. "वाक्यरचना जरा सुधारावी लागेल," ते म्हणाले.

"पहिलं वाक्य सोडून कुठलंही सुधारते, सर," भारती म्हणाली, आणि परवानगीचा कागद काट्याशेजारी ठेवला. ओट्यावर घासाच्या काड्या पसरल्या होत्या. काकासाहेबांनी टॉवेलने जागा पुसली. सरांनी पेन काढलं, झटकलं आणि सही केली.

एकच गलका उठला. हवालदाराने कोणीही न सांगता सलामी ठोकली. राहीबाईने भारतीला कवटाळलं, तिच्या हातांवरचा घासाचा हिरवा डाग पाठीवर उमटला. गर्दीतून वाट काढत लंकाबाई पुढे आली, कागद दोन्ही हातांत धरून तिने उन्हाकडे केला, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि सरांच्या नावाखालच्या त्या बारीक निळ्या वेलांटीवर बोट ठेवलं.

"एवढुशीच?" ती म्हणाली. "आगं बया! आमच्या पोरीला तीन वर्सं दमवलं, म्हनून मला वाटलं लई थोरली आसंल."